लहान वर्गात टीव्ही आणि टॅब आलेत, आता शिकवायचं कसं?

ताई, तुमचा प्रश्न असा होता की चार ते सात वर्षांच्या मुलांच्या वर्गात शाळेनं एक मोठा टीव्ही आणि सहा टॅब दिलेत, वापरा असं वरून सांगणं आहे, व्हिडिओ लावला की मुलं एकदम गप्प बसतात पण दुसऱ्या दिवशी विचारलं तर फारसं काही सांगता येत नाही, आणि त्यात काही पालक म्हणतात घरी आधीच मोबाईल सुटत नाही तर शाळेत पण स्क्रीन कशाला. मी बरीच वर्षं बालवाडी आणि पहिली-दुसरीचे वर्ग घेतलेत, आता शिक्षकांच्या ट्रेनिंगचं काम करते, आणि हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी विचारतंच. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी माझं मत सांगून टाकते म्हणजे पुढचं सगळं त्याच्याशी जोडून वाचता येईल. या वयात टेक्नॉलॉजी मुलांना काहीतरी दाखवायला कमी वापरा आणि मुलांनी जे केलं, बघितलं, सांगितलं ते टिपून ठेवायला जास्त वापरा. टॅबमधली सगळ्यात कामाची दोन ॲप्स त्यात आधीपासूनच असतात, कॅमेरा आणि आवाज रेकॉर्ड करणारं. बाकीचं सगळं, रंगीत ॲप्स, कार्टून, क्विझ, हे नंतर येतं आणि त्यातलं बरंचसं नाही आलं तरी काही बिघडत नाही.

आता तुमची ती व्हिडिओची तक्रार. मुलं गप्प बसतात म्हणजे शिकतायत असं आपल्याला वाटतं, साहजिक आहे, तीस मुलं एकदम शांत झाली की कुणालाही बरंच वाटणार. पण लहान मुलाला शिकायला समोरच्याचा प्रतिसाद लागतो, त्यानं काही म्हटलं की समोरून त्याला धरून काहीतरी यावं लागतं, आणि व्हिडिओ काही तुमच्या वर्गातल्या मुलाचं ऐकून थांबत नाही. यावर बघण्यासारखं काम झालंय. २००३ मध्ये पॅट्रिशिया कुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना मँडरिन चिनी भाषा ऐकवली, काहींना समोर बसलेल्या माणसाकडून आणि काहींना तीच माणसं, तेच साहित्य व्हिडिओवर. समोरासमोर ऐकलेल्या बाळांना त्या भाषेतले ध्वनी वेगळे ओळखता यायला लागले, व्हिडिओवाल्यांना काहीच फरक पडला नाही. पुढे २०१४ मध्ये रोझबेरी, हर्श-पासेक आणि गोलिंकॉफ यांनी दोन-अडीच वर्षांच्या मुलांवर अजून एक प्रयोग केला, त्यात व्हिडिओ कॉलवर बोलणाऱ्या माणसाकडून मुलं नवीन शब्द शिकली, कारण तो माणूस त्यांच्याशी बोलत होता, त्यांना उत्तर देत होता, पण दुसऱ्याच मुलासाठी केलेला कॉल रेकॉर्डिंग करून दाखवला तेव्हा नाही शिकली. स्क्रीन दोन्हीकडे होती, फरक प्रतिसादाचा होता. तुमची मुलं मोठी आहेत, व्हिडिओतून ती बाळांपेक्षा नक्कीच जास्त घेतात, तरी कारण तेच राहतं. व्हिडिओ जे करू शकत नाही ते तुम्हाला करायचंय.

म्हणजे व्हिडिओ लावूच नका असं नाही. समुद्राच्या तळाचा मासा, ज्वालामुखी, अंड्यातून बाहेर येणारं पिल्लू हे आपण वर्गात आणू शकत नाही, तिथे व्हिडिओ हवाच. पण लावताना दोन-तीन मिनिटांचा तुकडा घ्या, अख्खा बारा मिनिटांचा नको. सुरवंटाचं फुलपाखरू होतानाचा व्हिडिओ घ्या समजा. पहिल्यांदा आवाज बंद करून लावा आणि कोष हलायला लागला की पॉज करा. "आता आत काय चाललं असेल?" एवढंच विचारा आणि खरंच थांबा, उत्तर द्यायची घाई करू नका, कोणी म्हणेल झोपलाय, कोणी म्हणेल पंख चिकटवतोय, कोणी म्हणेल त्याला बाहेर यायचंय पण दार सापडत नाही. मग प्रत्येकाला कागदावर आतलं चित्र काढू द्या, पाच-सात मिनिटं, आणि त्यानंतर पुढचा भाग दाखवा. आता मुलं बघतात ते स्वतःचं उत्तर तपासायला बघतात, त्या बघण्याची जातच वेगळी असते. मग शेवटी आवाज लावून पूर्ण तुकडा एकदा. तीन मिनिटांच्या व्हिडिओला अर्धा तास गेला आणि त्यातली बहुतेक मिनिटं स्क्रीन थांबलेली होती, हे प्रमाण मला बरोबर वाटतं. दुसऱ्या दिवशी विचारून बघा, सांगतील.

आता कॅमेऱ्याकडे येते, कारण खरी गंमत तिथे आहे.

मुलांच्या दोन-दोनच्या जोड्या करा, एका जोडीला एक टॅब, आणि काम द्या, वर्गात आणि व्हरांड्यात फिरून "पाच" शोधायचे आणि फोटो काढायचे. पाच हा आकडा कुठे लिहिलाय ते नाही, पाच वस्तू एकत्र कुठे आहेत ते. कोणी स्वतःच्या हाताचा काढेल, कोणी खिडकीच्या गजांचा, कोणी मित्रांना ओळीत उभं करून काढेल. मग टीव्हीवर एकेक फोटो लावायचा आणि सगळ्यांनी मिळून मोजायचं. एकदा एका जोडीनं खिडकीच्या गजांचा फोटो आणला, त्यात गज दिसत होते सहा, वर्ग ओरडला की सहा आहेत, तर फोटो काढणारी मुलगी उठून टीव्हीजवळ गेली आणि म्हणाली तो कडेचा गज नाहीये ती चौकट आहे, आम्ही चौकट मोजलीच नाही. मग काय मोजायचं आणि काय नाही यावर जी चर्चा झाली ती पाचव्या वर्षी कुठल्याही वर्कशीटमधून झाली नसती. टॅबनं इथे काय केलं, तर एका जोडीनं वर्गाबाहेर केलेला विचार सगळ्यांसमोर आणून ठेवला. बस, तेवढंच हवंय त्याच्याकडून.

हेच आकारांना चालतं, अक्षरांना चालतं ("प"नं सुरू होणाऱ्या वस्तूंचे फोटो काढून आणा, मग पंखा येतो, पाटी येते, पाय तर हमखास येतो), विरुद्धार्थी शब्दांना चालतं, खरखरीत-गुळगुळीतला चालतं. रोपाला तर फारच छान चालतं. घेवड्याचं बी ओल्या कापसावर काचेच्या ग्लासात कडेला दिसेल असं ठेवा, टॅब जिथे ठेवायचा तिथे जमिनीवर किंवा टेबलावर चिकटपट्टीची खूण करा आणि रोज एका मुलानं त्याच खुणेवरून एक फोटो काढायचा. दोन आठवड्यांनी ते फोटो एकामागून एक भराभर सरकवून दाखवले की मुळं खाली जाताना आणि अंकुर वर येताना डोळ्यांसमोर दिसतो. तेच फोटो छापून मिळाले तर गठ्ठा पिसून मुलांना क्रमानं लावायला द्या, आधी, मग, त्यानंतर, शेवटी, हे शब्द आपोआप वापरले जातात. खुणेचं विसरू नका हां, फोटो वेगवेगळ्या अंतरावरून आले तर वाढ कळत नाही आणि मुलं म्हणतात काल मोठं होतं आज लहान झालं. अर्थात ते का झालं हा पण चांगला प्रश्न आहे, वेळ असेल तर त्यावर बोला.

ठोकळ्यांचा मनोरा, मातीची वस्तू, नाटुकलं, हे सगळं दिवसाच्या शेवटी मोडतं किंवा आवरलं जातं. मोडण्याआधी त्याच मुलाला फोटो काढायला सांगा आणि फोटोवर त्याचा आवाज रेकॉर्ड करा, हे काय केलंस, आधी काय ठेवलंस, पडला तेव्हा काय बदललंस. असं करून देणारी ॲप्स आहेत, सीसॉ आहे, बुक क्रिएटर आहे, पण साधा व्हिडिओ घेतला तरी काम होतं.

आवाजाचं तर मी जितकं सांगेन तितकं कमी आहे. वर्गात दोन-चार मुलं अशी असतात जी गोलात बसल्यावर तोंड उघडत नाहीत, त्यांना कोपऱ्यात टॅब देऊन सांगा की काल ऐकलेली गोष्ट याला सांग. बरीच जण सांगतात, आणि मग आपल्याला कळतं की या मुलाला सगळं येत होतं, फक्त सगळ्यांसमोर यायचं नव्हतं. वाचायला लागलेल्या मुलांना स्वतःचं वाचन रेकॉर्ड करून लगेच ऐकू द्या, पुस्तक समोर धरून. मूल बोट फिरवत ऐकतं आणि मध्येच थांबतं, "इथे मी एक शब्द सोडला." आपण चूक दाखवली असती तर मान खाली गेली असती, स्वतः पकडली की चेहरा वेगळाच असतो आणि लगेच परत वाचायचं असतं. पहिल्या महिन्यातलं एक रेकॉर्डिंग प्रत्येकाचं जपून ठेवा, तीन-चार महिन्यांनी ते आणि नवीन असं दोन्ही ऐकवा, मुलाला पण आणि पालकांना पण. तुमचं मूल्यमापन यातूनच निघतं, वेगळी टेस्ट घ्यायची गरज खूप कमी होते. फक्त ऐकायला वेळ राखून ठेवा, रोज दोन मुलांचं ऐकलं तरी चालेल, नाहीतर साठत जातं आणि मग कोणी ऐकत नाही, आणि मुलांना ते कळतं.

टीव्हीचा अजून एक उपयोग सांगते जो फार कमी जण करतात. तुमचा फोन किंवा एक टॅब स्टँडला लावून कॅमेरा खाली टेबलाकडे करा आणि ते चित्र टीव्हीवर घ्या. आता टेबलावर ठेवलेलं पान, मुंगी, शिंपला, एका मुलाची वही, सगळ्या वर्गाला मोठं दिसतं आणि ते आत्ताच, इथेच चाललेलं असतं. अक्षर गिरवताना हात कुठून सुरू होतो, कुठे वळतो ते फळ्यावर आपल्या पाठीआड जातं, इथे स्पष्ट दिसतं. "म" आणि "भ", "घ" आणि "ध" यांत गोंधळणाऱ्या मुलांना नेमकी ती डोक्याकडची जागा मोठी करून दाखवता येते.

अक्षरांवरून आठवलं, बोटानं स्क्रीनवर अक्षर गिरवायची ॲप्स खूप आहेत आणि मुलांना आवडतात, पण लिहिणं शिकवायला त्यांच्यावर विसंबू नका. इंडियाना विद्यापीठातल्या कॅरिन जेम्स यांनी २०१२ मध्ये अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांवर काम केलं, काही अक्षरं मुलांनी हातानं लिहिली, काही नुसती गिरवली, काही कीबोर्डवर टाइप केली, आणि नंतर ती अक्षरं बघताना मेंदूचं स्कॅनिंग केलं. वाचनाशी जोडलेला मेंदूचा भाग हातानं स्वतः लिहिलेल्या अक्षरांना उठून प्रतिसाद देत होता, बाकी दोन्हींना तसा नाही. मूल स्वतः काढतं तेव्हा दर वेळी अक्षर थोडं वेगळं, वाकडं येतं आणि त्यातूनच त्याला कळतं की इतकं वाकडं झालं तरी हा "म"च आहे. म्हणून पेन्सिल, खडू, वाळू, ओलं बोट पाटीवर, हे सगळं राहू द्या, टॅब त्याच्या जागी नको.

ॲप निवडायचं झालं तर आधी स्वतः दहा मिनिटं खेळून बघा आणि मुद्दाम चुकीचं उत्तर द्या, परत परत. बऱ्याच ॲप्समध्ये चार पर्यायांवर पटापट बोट मारत गेलं तरी बरोबर उत्तर लागतं, फुगे फुटतात, चांदणी मिळते आणि पुढचा प्रश्न येतो, म्हणजे मुलानं काही विचार केला की नाही याच्याशी ॲपला देणंघेणं नाही. काहींमध्ये तर चुकल्यावरचा आवाज इतका गमतीदार असतो की मुलं मुद्दाम चुकतात. २०१५ मध्ये कॅथी हर्श-पासेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲप तपासायला चार गोष्टी सांगितल्या होत्या आणि मला त्या आजही पुरेशा वाटतात, मुलाचं डोकं चालू आहे का नुसतं बोट, लक्ष विषयावर राहतं का भलत्या चमचमाटावर जातं, मुलाच्या आयुष्यातल्या कशाशी ते जोडलं जातं का, आणि ते करताना दुसऱ्या माणसाशी बोलणं होतं का. शेवटची गोष्ट सगळ्यात जास्त ॲप्समध्ये नसते, म्हणून ती आपण आणायची, जोडीनं बसवून.

डिजिटल गोष्टींच्या पुस्तकांचं पण असंच. ताकाक्स, स्वार्ट आणि बुस यांनी २०१५ मध्ये बरेच अभ्यास एकत्र करून बघितले, तर गोष्टीला धरून असलेलं हलतं चित्र, संगीत, आवाज यांनी मुलांना गोष्ट कळायला मदत होते, पण मध्येमध्ये दाबायच्या जागा आणि खेळ घातले की तशी मदत होत नाही, उलट लक्ष भलतीकडे जातं. तेव्हा ई-पुस्तक निवडताना दाबल्यावर नाचणारी गाय जितकी कमी तितकं बरं. शब्द वाचताना रंग बदलत पुढे जातो ती सोय मात्र पहिली-दुसरीत उपयोगी पडते. आणि कागदाचं पुस्तक मांडीवर घेऊन वाचणं चालूच राहू द्या, ते काढून हे आणायचं नाहीये.

कोडिंगबद्दल, म्हणजे यंत्राला क्रमानं सूचना देण्याबद्दल, तुम्ही विचारलं नाही पण वरून कधीतरी येणारच, म्हणून सांगून ठेवते. या वयात स्क्रीनशिवाय सुरुवात करा. जमिनीवर खडूनं चौकटी आखा, एक मूल रोबोट, दुसरं सूचना देणारं, आणि रोबोटनं फक्त सांगितलेलंच करायचं. १९६७ मध्ये सेमूर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी लोगो ही कोडिंगची भाषा बनवली, पुढे त्यात सूचनांनुसार चालणारं कासव आलं, आणि त्याला चालवताना मुलानं स्वतः कासव होऊन चालून बघावं हा पेपर्ट यांचा विचार इतक्या वर्षांनंतरही तितकाच खरा आहे. मग बी-बॉटसारखा छोटा जमिनीवरचा रोबोट मिळाला तर उत्तम. त्याच्या पाठीवर बाणांची बटणं असतात, एका पावलात तो पंधरा सेंटीमीटर जातो, म्हणून चौकटी पंधरा सेंटीमीटरच्याच आखायच्या. दोन ठिकाणी मुलं हमखास अडकतात ते आधीच माहीत असू द्या. एक म्हणजे उजव्या बाणाचं बटण दाबलं की रोबोट उजवीकडच्या चौकटीत जाईल असं त्यांना वाटतं, पण तो जागच्या जागी वळतो फक्त, पुढे जायला पुन्हा पुढचा बाण लागतो. हे तोंडानं समजावू नका, मुलालाच उभं करून नुसतं वळायला सांगा, पटकन कळतं. दुसरं म्हणजे आधीच्या सूचना पुसायचं बटण दाबायला विसरतात, मग जुन्या सूचनांना नवीन जोडल्या जातात आणि रोबोट भलतीकडेच जातो, आणि मुलं म्हणतात बिघडला. तो बिघडलेला नसतो, त्याला आधीचं आठवतंय, असं सांगितलं की पुढच्या वेळी मुलं एकमेकांना आठवण करून देतात.

पाचव्या-सहाव्या वर्षापासून स्क्रॅच-ज्युनियर हे कोडिंगचं ॲप बघा, ते २०१४ मध्ये पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठीच आलं, फुकट आहे, वाचता न येणाऱ्या मुलालाही चित्रांचे ठोकळे जोडून वापरता येतं. पण त्यातही "मांजर पळव" इतकंच नको, वर्गात ऐकलेल्या गोष्टीतला एक प्रसंग करा म्हणावं, दोन पात्रं, एक संवाद स्वतःच्या आवाजात. म्हणजे परत आपण नोंद करण्यावर आलो बघा.

आता रोजचा कारभार. सहा टॅब आणि तीस मुलं म्हणजे टॅब कमी आहेत असं वाटतं, पण मला विचाराल तर हे प्रमाण ठीक आहे, प्रत्येकाला एक असता तर वर्गात बोलणंच बंद झालं असतं. बारा मुलं जोडीनं टॅबवर, बाकीची ठोकळे, चित्र, पुस्तकं, वाळू अशा कामांवर, आणि दहा-पंधरा मिनिटांनी फिरायचं. जोडीत एकाचे हात आणि दुसऱ्याचं तोंड असा नियम ठेवा, ज्याच्या हातात टॅब आहे त्यानं दुसऱ्यानं सांगितल्याशिवाय काही दाबायचं नाही, घंटी वाजली की अदलाबदल. पहिला आठवडा यातच जातो, भांडणं होतात, जाऊ द्या तो आठवडा, त्यात शिकवायचं फक्त टॅब दोन हातांनी धरायचा, बसून वापरायचा, संपलं की पालथा ठेवायचा. "पालथा" म्हटलं की सगळे टॅब स्क्रीन खाली करून ठेवले गेले पाहिजेत, ही एक सवय लागली की निम्मा त्रास संपतो.

टॅबमध्ये एका वेळी एकच ॲप उघडं राहील अशी सोय असते, आयपॅडमध्ये गाइडेड ॲक्सेस म्हणतात, अँड्रॉइडमध्ये ॲप पिन करणं, ती शिकून घ्या. नेट लागत नसेल तर विमान मोड चालू ठेवा, बहुतेक जाहिराती आणि नोटिफिकेशन जातात. मुलांच्या हातात देण्याआधी ते काम त्याच टॅबवर तुम्ही स्वतः एकदा पूर्ण करून बघा, आणि नेट गेलं, चार्जिंग गेलं तर काय करायचं ते ठरलेलं असू द्या, कारण चौथ्या वर्षी थांबणं जमत नाही, पाच मिनिटं तुम्ही वायरीशी खटपट करत बसलात की वर्ग गेला. म्हणून शक्य तितकं नेटशिवाय चालणारंच निवडा.

पालकांचं म्हणणं मला मनापासून पटतं आणि त्यांना टाळू नका. डब्ल्यूएचओनं २०१९ मध्ये सांगितलंय की दोन ते चार वर्षांच्या मुलांना बसून स्क्रीन बघणं दिवसाला एक तासाच्या वर नको आणि कमी असेल तितकं चांगलं. तो तास बऱ्याच मुलांचा घरीच संपलेला असतो. म्हणून वर्गात नुसतं बघण्याची स्क्रीन मी दिवसाला दहा-पंधरा मिनिटांच्या वर जाऊ देत नाही, आणि काही दिवस अजिबात नाही. फिरून फोटो काढणं आणि डोळे लावून कार्टून बघणं हे एकाच वजनाचं नाही हे पालकांना शब्दांत सांगून पटत नाही, त्यांना वर्गात बोलवा, एक तास बसू द्या, मुलांनी काढलेले फोटो त्यांच्यासमोर मुलांनाच समजावू द्या. डोळ्यांची काळजी असेल तर बाहेर खेळण्याचा वेळ वाढवा, त्याला चांगला आधार आहे, चीनमधल्या ग्वांगझूला पहिलीच्या मुलांना शाळेच्या दिवसात रोज चाळीस मिनिटं जास्तीची बाहेर काढली, आणि तीन वर्षांनी २०१५ मध्ये जे निकाल छापून आले त्यात नव्यानं लांबचं धूसर दिसायला लागलेली (मायोपिया) मुलं ३०.४ टक्के होती, नेहमीसारखी शाळा असलेल्यांमध्ये ३९.५ टक्के. टॅबच्या तासिकेसाठी मैदानाची तासिका कधीही कापू नका, वरून सांगितलं तरी.

आणि फोटोंच्या बाबतीत अतिशय सांभाळून. मुलांनी काढलेल्या फोटोत दुसऱ्यांची मुलं असतात. लेखी परवानगी घ्या, फोटो शाळेच्या टॅबवरच ठेवा, स्वतःच्या फोनवर घेऊ नका, पालकांच्या ग्रुपवर सगळ्यांचे चेहरे टाकू नका, त्या मुलाचं त्याच्याच पालकांना. ॲपमध्ये खातं उघडताना मुलाचं पूर्ण नाव, जन्मतारीख मागत असेल तर ते ॲप सोडून द्या किंवा वर्गाचं एकच खातं चालतंय का बघा. वर्ष संपलं की पुसा. आणि मुलांनाही शिकवा की कोणाचा फोटो काढायच्या आधी "काढू का?" विचारायचं आणि नाही म्हटलं तर काढायचा नाही, चार वर्षांच्या मुलाला हे छान समजतं.

वर मी वेळेची मर्यादा सांगितली तिला एक अपवाद आहे आणि तो महत्त्वाचा आहे. तुमच्या वर्गात न बोलणारं किंवा कमी बोलणारं मूल असेल आणि ते चित्रांवर बोट ठेवून टॅबमधून बोलत असेल, तर तो टॅब त्याचा आवाज आहे, तो दिवसभर त्याच्याजवळच राहिला पाहिजे, शिक्षा म्हणून काढून घ्यायचा नाही आणि इतरांना खेळायला द्यायचा नाही. कमी दिसणाऱ्या मुलाला अक्षर मोठं करून देणारी स्क्रीन, ऐकायला कमी येणाऱ्याला बोललेलं खाली लिहून येणारा व्हिडिओ, हेही त्यातच आलं. इथे मिनिटं मोजू नका.

सुरुवात कुठून करायची, तर पुढचे दोन आठवडे टॅबमध्ये कॅमेरा सोडून दुसरं काही उघडूच नका. पहिल्या आठवड्यात धरणं, पालथा ठेवणं, अदलाबदल. दुसऱ्यात एक शोध, पाच शोधा किंवा गोल शोधा, आणि टीव्हीवर फोटो लावून त्यावर बोलणं. तिसऱ्यापासून आवाज. ॲप वगैरे दुसऱ्या सत्रात बघू, तोपर्यंत तुम्हालाच कळेल कुठलं लागतंय आणि कुठलं नाही.

शाळा तुम्हाला अजून काय हवं विचारेल तेव्हा आणखी टॅब मागू नका. एक वरून धरणारा भक्कम स्टँड, एक बऱ्यापैकी स्पीकर (टॅबच्या आवाजात मुलाचं हळू बोलणं मागच्या रांगेत ऐकूच जात नाही), पडल्यावर न फुटणारी जाड रबरी कव्हरं, मुलांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर चार्जिंगचा बोर्ड आणि फोटो छापायला एक प्रिंटर मागा. प्रिंटरसाठी जरा भांडावं लागलं तरी भांडा, मुलांनी काढलेले फोटो त्यांच्या उंचीवर भिंतीला लागले की ती येता-जाता त्यांच्यासमोर उभी राहून एकमेकांना सांगत बसतात आणि तेव्हा टॅब कपाटात बंद असतो.